गाडीखान्यात एकच गाडी मावते

धारच्या आमच्या घराला गाडीखाना आहे असं सांगितलं की ऐकणाऱ्याला मोठा वाडा डोळ्यांसमोर येतो. तसं काही नाही. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, धारच्या कोर्टात वकिली करत. १९६८ साली त्यांनी फियाट घेतली आणि अंगणाच्या कडेला तिच्या मापाची एक खोली बांधून घेतली. पुढे-मागे हातभर जागा, दोन लाकडी दारं, वर कौलं. फियाटची लांबी चार मीटरला थोडी कमी. २०१४ मध्ये मी त्याच खोलीत माझी कॉन्टेसा लावू लागलो. ती साडेचार मीटरच्या वर. तिची वीतभर शेपटी बाहेर राहायची आणि दारं काही लागायची नाहीत. दहा पावसाळे आम्ही त्या शेपटीवर ताडपत्री बांधली.

ती कॉन्टेसा मी २०२४ च्या दिवाळीआधी विकली आणि त्या पैशातून अण्णांची फियाट परत घेतली. तेव्हापासून समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी गाठून विचारतंच, "एवढी झकास गाडी का विकलीस?" तरुण मंडळी तर जरा रागानेच विचारतात. त्यांच्यातले निम्मे त्या कॉन्टेसात बसून फोटो काढून गेलेले आहेत. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

आधी कॉन्टेसाबद्दल, कारण तिच्यावर अन्याय नको. हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी १९८४ मध्ये बाजारात आणली. अंग व्हॉक्सहॉल या इंग्रजी कंपनीच्या मोठ्या गाडीचं, पण सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन मात्र अॅम्बॅसेडरचंच, दीड लिटरचं, जेमतेम पन्नास घोड्यांचं. पैलवानाच्या अंगात पोरसवदा जीव. पुढे कंपनीने तिला जपानच्या इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर दिले, आणि मग ती खरी पळायला लागली. ही इसुझु इंजिनं कुठे बनत? आपल्या धार जिल्ह्यात, पीथमपूरला. मी पीथमपूरलाच एका कारखान्यात गिअरच्या खात्यात नोकरी करतो, त्यामुळे मला याचं फार अप्रूप होतं.

मी घेतलेली कॉन्टेसा १९८७ ची, म्हणजे दीड लिटरवाली. तिच्यात मी पीथमपूरचं इसुझु इंजिन बसवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचं तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी आणि नंतर आर.सी.वर नवीन इंजिन नंबरची नोंद लागते. ती मी करून घेतली होती. तुमच्यापैकी जे मॉडिफिकेशनची स्वप्नं बघतात त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं, की कंपनीने जी रचना ठरवून दिली तिच्यात मनाला येईल तसा बदल चालणार नाही. त्यानंतर कागद नसलेल्या गाडीला समजूतदार गिऱ्हाईक हातही लावत नाही.

इंजिनानंतर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, नवीन सीटा, गडद हिरवा रंग. इंदूरचे एक मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना उस्ताद म्हणतो. दहा वर्षांतले माझे बहुतेक रविवार त्यांच्या गॅरेजच्या बाकावर पोहे खात गेले. माझा मुलगा, आता एकोणीसचा, गाडी चालवायला शिकला तो याच कॉन्टेसावर. ती माझी होती, कारण तिच्यातला प्रत्येक नट मी निवडलेला होता.

फियाटमधलं मी काहीच निवडलेलं नव्हतं.

फियाट म्हणजे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. पन्नाशीच्या दशकातली गोल पाठीची ती 'डुक्कर फियाट' आजी-आजोबांच्या तोंडी तुम्ही ऐकली असेल. आमची त्यानंतरची, फियाट ११०० डिलाइट. हीच पुढे थोड्याफार बदलांनी प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसी, चाळीसेक घोडे, हँडललाच गिअर, आणि पुढे दोघांऐवजी तिघं बसतील अशी सलग सीट. त्या काळात पैसे असले तरी गाडी मिळत नसे, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. अण्णांचा नंबर लागला तेव्हा बाबा अठरा वर्षांचे होते आणि आत्या आठ.

१९८३ मध्ये अण्णांनी गाडी विकली. घेणारे देवासचे एक व्यापारी होते. त्याच वर्षी आत्याचं लग्न झालं आणि तिला घर मिळालं तेही देवासचंच. गाडी फाल्गुनात गेली, आत्या वैशाखात. धार आणि देवास हे तसे भाऊबंदच. देवासला एकेकाळी थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदली, आणि दोन्ही घराणी धारकरांसारखीच पवारांची. पण हे नातं आत्याच्या कामी आलं नाही. तिला चाळीस वर्षं वेगळीच गोष्ट ऐकावी लागली: "तुझ्या लग्नापायी अण्णांची गाडी गेली हो!" मुंजीत, बारशात, डोहाळजेवणात, कुठेही. म्हणणारे हसत म्हणायचे. आत्याही हसायची.

आणि गाडी तर रोज समोर. टेकडीच्या पायथ्याशी नवरात्रात गर्दी होते, मोठी माता आणि धाकटी माता अशा दोन्ही देवींच्या दर्शनाला गाव लोटतं. त्या गर्दीत दर वर्षी ती फियाट उभी असायची, बॉनेटवर झेंडूचा हार घालून. आत्या तिला लांबून ओळखायची ते मागच्या डाव्या दारावरच्या पोच्यावरून. चौदा वर्षांची असताना तिनेच दार सताड उघडून अंगणातल्या दगडी पन्हाळीवर आपटलं होतं. अण्णा तेव्हा तिला काही बोलले नव्हते. तो पोचा त्या व्यापाऱ्यांनीही कधी काढला नाही.

मी लहानपणी सुट्टीत देवासला जायचो तेव्हा आत्या मला बोट करून दाखवायची, "ती बघ आपली गाडी." 'आपली' म्हणायची आणि मग गप्प व्हायची. ती गाडी विकली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला फक्त उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आठवतो आणि मांड्या चिकटायच्या ते. त्यामुळे मला गाडीची ओढ होती असं म्हणणं खोटं ठरेल. ओढ असली तर ती आत्याच्या त्या गप्प होण्याची होती.

२०२४ च्या श्रावणात त्या व्यापाऱ्यांच्या मुलाचा फोन आला. वडील वारले, गोदाम पाडून तिथे दुकानं काढायची आहेत, दिवाळीपर्यंत जागा मोकळी हवी. गाडी बरीच वर्षं गोदामातच झाकून ठेवलेली. दोन भंगारवाले आणि एक भोपाळचा गिऱ्हाईक येऊन गेला होता, पण आधी तुम्हाला विचारतो म्हणाले. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या दारी राहिलेल्या वस्तूसाठी कोण असं विचारतं? त्यांनी पावणेचार लाख सांगितले. साडेतीनवर ठरलं.

साडेतीन लाख माझ्याकडे मोकळे पडलेले नव्हते. मुलाची कॉलेजची फी नुकतीच भरलेली. पन्नाशी उलटलेल्या गाडीवर बँक कर्ज देत नाही. आत्याला कुठून कळलं कोण जाणे, तिने रात्री फोन केला, "माझी एक एफ.डी. आहे. मोडते. गाडी तू घे."

हे मला नको होतं. ज्या गाडीचं ओझं तिने विनाकारण वाहिलं, तिच्यासाठी पुन्हा तिनेच पैसे मोजायचे? मी नाही म्हणालो. मग उरली कॉन्टेसा. बायकोचं म्हणणं सरळ होतं, "गाडीखान्यात एक मावते. दुसरी घेऊन काय स्वयंपाकघरात लावणार?" मुलगा मात्र भडकला. "बाबा, चाळीस घोडे! ब्रेक चारी ड्रमचे! आणि ही विकून ती?" त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर मी त्याच्या आठवणी विकून आत्याच्या आठवणी विकत घेत होतो.

व्यवहाराआधी गाडी तीच आहे याची खात्री करायची होती. पोचा सारखा असला तरी चाळीस वर्षांत बॉडी एकीची आणि चेसिस दुसरीची असले प्रकार सर्रास होतात. म्हणून बाबांनी आणि मी माळ्यावरची अण्णांची पेटी उघडली. अण्णा वकील, एकही कागद फेकलेला नाही. फियाटच्या खरेदीची पावती मिळाली, तिच्यावर चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबर. त्याखाली १९८३ ची जमाखर्चाची वही होती. बाबांनी सहज पान उघडलं आणि ते वाचतच राहिले.

'गाडी विक्री, जमा रु. २२,०००.' खाली खर्च, अण्णांच्या त्या किरट्या अक्षरात. लग्नाकडे ७,५००. आणि उरलेले साडेचौदा हजार? घराचं मागचं छप्पर, नवे वासे, कौलं, सुतार, गवंडी. त्याच्या आदल्या पावसाळ्यात मागची बाजू खचली होती, ते बाबांना आठवलं. "हो की, छप्पर त्याच वर्षी केलं," एवढंच ते म्हणाले. छप्पर त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलं होतं. पण गाडी आणि छप्पर या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी शेजारी आल्याच नव्हत्या. गाडी आणि लग्न मात्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. लग्नाचे फोटो निघतात, छपराचे कोण काढतं?

दुसऱ्या दिवशी वही घेऊन आम्ही देवासला गेलो. आत्याने चष्मा लावला, पान वाचलं, उलटून मागचंही वाचलं. मग बाबांकडे बघून म्हणाली, "म्हणजे छप्पर माझ्या नावावर खपवलंत होय, दादा?" बाबांना काही बोलता येईना. ती हसली नाही. चहा ठेवायला उठली, आणि स्वयंपाकघरातून बऱ्याच वेळाने आली.

निघताना मला म्हणाली, "आता गाडी घ्यायची असेल तर तुला आवडते म्हणून घे. माझं काही फेडायचं म्हणून नको." मी दोन दिवस विचार केला. फेडायचं आता खरंच काही नव्हतं, तरी मला ती हवी होती. याचं कारण आजही मला नीट सांगता येत नाही. गोदामात ताडपत्री काढली तेव्हा धुळीतून ते दार दिसलं आणि मी त्या पोच्यावरून बोट फिरवलं, इतकंच सांगू शकतो. नंबर दोन्ही जुळले.

राजेरजवाड्यांच्या बाबतीत अशा गोष्टींची बातमी होते. राजकोटच्या राजघराण्याची १९३४ ची रोल्स-रॉइस, 'स्टार ऑफ इंडिया' नावाची, १९६८ मध्ये विकली गेली, परदेशात गेली आणि पुढे त्याच घराण्याने ती परत मिळवली. आमच्यासारख्यांना परत घ्यायची तर दारातलं काहीतरी आधी बाहेर काढावं लागतं.

आता विक्री. मॉडिफाय केलेली गाडी विकणं हे नव्या रुग्णाला आपली आवडती भाजी खायला घालण्यासारखं आहे. पुण्याच्या एका संग्राहकांनी दोन मिनिटांत फोन ठेवला: इंजिन मूळचं नाही, रंग मूळचा नाही, चाकं मूळची नाहीत. एकाला ती लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायची होती आणि छप्पर कापता येईल का असं त्याने विचारलं. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. माझ्या हिशेबाच्या वहीत (ही सवय अण्णांचीच) गाडीवरचा दहा वर्षांचा खर्च सहा लाखांच्या वर होता. बाजार तुमचे रविवार मोजत नाही. तो एवढंच बघतो, की तुमची आवड त्याची आवड आहे का.

शेवटी घेतली ती इंदूरच्या एका सत्तावीस वर्षांच्या मुलीने. इंजिनिअर आहे. आली ती बॅटरी घेऊन, गाडीखाली आडवी झाली आणि अर्धा तास बाहेरच येईना. आर.सी.वरची इंजिनाची नोंद बघितली, नंबर पडताळला, मग उस्तादांना फोन लावून गिअरबॉक्सचं तेल कुठलं घालता ते विचारलं. उस्ताद नंतर मला म्हणाले, "भिया, इसी को देना." चार लाख साठ हजारांवर व्यवहार झाला. फॉर्म २९, फॉर्म ३०, विम्याची प्रत. इंदूरपर्यंत गाडी मुलानेच चालवली. बेटमा ओलांडेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. परतताना बसमध्ये त्याने मला हेडफोनची एक बाजू दिली, हा तह समजायचा की नाही हे मला अजून कळलेलं नाही. त्याच्या फोनवर आजही कॉन्टेसाचाच फोटो आहे.

फियाटचे कागद लांबले. मूळ मालक हयात नसल्याने आधी वारसाच्या नावावर नोंद, ती फॉर्म ३१ ने, मग माझ्या नावावर, आणि मुदत संपलेल्या नोंदणीचं तपासणीनंतर नूतनीकरण. खाजगी गाडीला पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे करावं लागतं. तोवर गाडी टो-ट्रकवरून धारला आली होती आणि उस्ताद दर रविवारी इंदूरहून येत होते. कॉन्टेसाचे उरलेले एक लाख दहा हजार टाकीतला गंज, ब्रेकचे सिलिंडर, वायरिंग, टायर आणि कार्बोरेटर यांत विरघळले.

सुट्या भागांची एक गंमत सांगतो. इतकी वर्षं फियाटचे भाग देशभर मिळायचे ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांच्या कृपेने. हजारो पद्मिनी रस्त्यावर होत्या, म्हणून भाग बनत होते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ती पेठ आटत चालली. आता प्रत्येक भागासाठी चार ठिकाणी फोन करावे लागतात. हे काम मुलाने स्वतःहून घेतलं आहे. आवडीने नाही, "तुम्हाला शोधता येत नाही" म्हणून.

उस्तादांनी मोठ्या आशेने विचारलं, "इसमें क्या डालना है?" काही नाही. पुढे पट्टे बसवले, कारण गाडी कितीही जुनी असली तरी काच तितकीच कठीण असते. मला मूळपणाचं सोवळं नाही. पण या गाडीत माझी आवड घालायला जागा नाही, तिथे आधीच दुसरी माणसं बसलेली आहेत. पोचा तसाच ठेवला. रंगाऱ्याने तो दोनदा भरायला घेतला, दोन्ही वेळा मी उभा राहून थांबवलं.

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, जुना नंबरही राखता येतो. आमची त्यात बसते. मुलगा म्हणाला, करून टाकू, रुबाब राहील. मी आत्याला फोनवर नियम वाचून दाखवले: अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच.

"देवदर्शन?" आत्याने विचारलं.

यादीत देवदर्शन नाही.

"मग नको. एवढी परत आणली ती काय मखरात बसवायला? नवरात्रात मला टेकडीला घेऊन जायचं, हार मी आणणार."

तो फॉर्म भरला नाही. धार ते देवास शंभरेक किलोमीटर, घाटाबिल्लोदवरून चंबळ ओलांडायची, इंदूरला वळसा घालायचा, पुढे क्षिप्रा. साठच्या वर न्यायची नाही, म्हणजे सकाळी सहाला निघायला हवं. पुढच्या चाकांचे किंगपिन झिजलेत, त्यांचा सेट मुलाने मुंबईहून मागवलाय, अजून आलेला नाही. तो येईपर्यंत गाडी धारच्या वेशीबाहेर काढायची नाही असं उस्तादांनी बजावलं आहे. हे आत्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.